बाइंडरची पिशवी

मंगळवार, ३ मार्च

ढब्या,

आशीर्वाद वगैरे लिहायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा ते धरून चाल. दोन वर्षांनी पत्र लिहितेय म्हणजे माझा राग गेला असंही समजू नकोस. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू ठेवून देतोस. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होतं, आणि कागदाचं दुकान असल्यामुळे कागदाला तोटा नाही.

एकच विचारायचंय, सरळ उत्तर दे. हा बाइंडर तू पाठवलास का?

कोण बाइंडर, असं साळसूदपणे विचारशील म्हणून सांगते. पासष्टीचा, उंच, जरा वाकलेला, नखांच्या कडेला वाळलेली खळ. पुस्तकबांधणीचा कारखाना बंद पडला, आता घरीच सुटी कामं करतो म्हणे. मागे एकदा दुकानात कापडी पट्टी घ्यायला आला. बाबा तेव्हा खाली माझ्याशेजारी स्टुलावर बसले होते. दोघांच्या गप्पा जुन्या छपाईवर गेल्या, आणि बाबांनी त्याला वर नेऊन आपले पोस्टकार्डांचे अल्बम दाखवले. झालं! तेव्हापासून रोज दुपारी स्वारी हजर. खांद्याला कापडी पिशवी, मला बघून मान हलवायची, की काउंटरमागच्या जिन्याने वर. माझ्या नाकासमोरून चढतो आणि नाकासमोरून उतरतो.

परवा वर झाडताना मी बंदरांचा अल्बम उघडला. एका पानावर दोन जागा रिकाम्या. कार्ड अडकवायचे कागदी कोपरे जागच्या जागी, आत काही नाही. बाबांना विचारलं, कार्डं कुठे गेली? म्हणाले, "फिरायला गेलीत. येतील." आणि हसले. ज्या माणसाने आपल्याला लहानपणी साबणाने हात धुतल्याशिवाय एका कार्डाला बोट लावू दिलं नाही, त्याने असं हसावं?

बाबा बदललेत, ढब्या. माझ्याशी बोलताना नजरेला नजर देत नाहीत. मी समोर उभी राहिले की माझ्या खांद्याकडे नाहीतर भिंतीकडे बघतात. ऐंशी वर्षांच्या माणसाला पोटच्या पोरीपासून नजर चुकवायची काय वेळ आली? पेपर तसाच घडीत पडून असतो. "तू वाच, मला कंटाळा आलाय" म्हणतात. अल्बम मांडीवर घेऊन पानं उलटतात आणि बघतात खिडकीकडे. मी गेले की मिटून ठेवतात. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते त्या पिशवीत मुरतंय.

आता माझा संशय तुझ्यावर का, तेही ऐक. मागच्या वेळी तू आलास तो त्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला घेऊन आलास. न विचारता, न सांगता. तो हातमोजे चढवून बाबांच्या कार्डांवर टिचक्या मारत होता आणि तू बाजूला उभा राहून "ताई, नुसता अंदाज घेतोय" म्हणत होतास. मी दोघांनाही बाहेर काढलं, ते बरोबरच केलं. समोरच्या दाराने जमलं नाही म्हणून हा मागच्या दाराचा उद्योग नाही ना?

दुकानात इतकी वर्षं बसून मला एक कळतं. कोण काय विकत घेतंय यावरून तो काय बनवणार आहे ते मी सांगू शकते. गुलाबी कागद आणि नक्षीची कात्री म्हणजे बारसं नाहीतर वाढदिवस. काळा जाड कागद आणि सोनेरी पेन म्हणजे प्रेमात पडलेलं कुणीतरी. आणि हा बाइंडर काय नेतो? जुन्या कार्डांसारखा पिवळट पांढरा जाड कागद. ट्रेसिंग पेपर. कटरची पाती. उठाव काढायची बोथट सुई. सांग बरं, काय बनत असेल? नक्कल! फोमची जाड चिकटपट्टीही नेतो, ती कशाला ते देव जाणे. बहुतेक माझी दिशाभूल करायला.

सरळ उत्तर दे.

ताई


शनिवार, १४ मार्च

ढब्या,

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं तर! "मी कुणाला पाठवलेलं नाही. बाबांनाच विचार ना." एवढ्यासाठी तू पाकीट वाया घालवलंस. "बाबांनाच विचार" हे तू का लिहिलंस, यावर मी तीन दिवस विचार करतेय. ज्याला काहीच माहीत नसतं तो "कोण बाइंडर?" असं विचारतो. तू विचारलं नाहीस.

असो. मी स्वस्थ बसलेली नाही.

अल्बममधले जुने कोपरे काळे आहेत, बाबा स्वतः कापून चिकटवायचे ते. मी बाबा अंघोळीला गेले असताना पुलांच्या अल्बममधल्या एका पानावरचे कोपरे काढले आणि माझ्याकडचे नवे लावले. तेही काळेच, पण किंचित चकचकीत. उजेडात तिरकं धरलं तरच कळतं. म्हटलं, बघू या पानाला कोण हात लावतंय.

चार दिवसांत निकाल लागला. त्या पानावरचं दगडी पुलाचं कार्ड गायब. बंदरांच्या पानावरची आधीची दोन कार्डं मात्र परत आलेली!

चोर चोरलेला माल परत कशाला ठेवेल? मी दिवसभर डोकं खाजवलं. मग लख्ख प्रकाश पडला. परत आली ती बाबांची कार्डं नाहीतच. नकला आहेत. अस्सल कार्डं बाहेर, नकला आत, असा धंदा आहे. बाबांचं मोठं भिंग घेऊन मी दोन्ही कार्डं पालथी-उताणी करून बघितली. शाई जुनी, शिक्का जुना, मागचं अक्षर फिकट, कडाही बरोब्बर तशाच झिजलेल्या. फरक सापडला नाही. एवढी हुबेहूब नक्कल करणारा माणूस किती पोचलेला असेल, विचार कर.

मी बाबांकडे विषय काढला. आडून आडून. म्हटलं, "बाबा, हा बाइंडर जरा जास्तच येतो, नाही?"

"तुझ्या दुकानात जरा जास्तच गिऱ्हाईक येतं असं तू कधी म्हणालीस?"

"गिऱ्हाईक जाताना काहीतरी देऊन जातं."

"हाही देऊन जातो," बाबा म्हणाले. पुन्हा माझ्या कानाकडे बघत. मग चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले आणि कडेवर ठेवला. सगळा चहा गालिच्यावर. एवढे ते त्या माणसाच्या नादी लागलेत की टेबल कुठे संपतं तेही कळेनासं झालंय.

मध्ये एकदा दोघं बाहेरही गेले होते. अर्धा दिवस. बाबा जिना उतरताना त्याच्या दंडाला धरून उतरले, माझ्या नाही. कुठे गेला होतात विचारलं तर "पाय मोकळे करायला." पाय मोकळे करायला अर्धा दिवस लागतो? व्यापाऱ्याकडे गेले असतील, तुझ्या त्या हातमोजेवाल्याकडे. तू सांगशील अशी आशा नाही, तरी विचारून ठेवते.

ताई


रविवार, २२ मार्च

ढब्या,

सापडला. मुद्देमालासकट सापडला.

काल दुपारी दुकानात गर्दी होती. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या होत्या, आणि लग्नपत्रिकांचा कागद निवडायला आलेल्या एक मायलेकी. मुलीला निळा हवा होता, आईला मोतिया, आणि मी दोघींच्या मध्ये नमुने पसरून बसले होते. वरती बाबांचा रेडिओ मोठ्याने चालू. तेवढ्यात हा जिना उतरला. खांद्याला पिशवी, पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरलेलं. रोज तो तसं धरत नाही.

मी काउंटरमधून बाहेर आले आणि दार अडवून उभी राहिले. म्हटलं, "पिशवी दाखवा."

त्याला वाटलं मी मस्करी करतेय. "काय हवंय बाई, टेप?"

"पिशवी उघडा. सगळ्यांसमोर."

"आधी वर विचारा," तो म्हणाला. "मग उघडतो."

"वर काय विचारू? त्यांना तुम्ही पार गुंडाळून ठेवलंय!" असं म्हणून मी पिशवी ओढली आणि काउंटरवर उपडी केली. पेन्सिल पडली, पात्यांची डबी पडली, टेप पडली, दोऱ्याने बांधलेलं खाकी कागदाचं एक पुडकं पडलं, आणि शेवटी ट्रेसिंग पेपरात गुंडाळलेलं कार्ड. लोखंडी पुलाचं, ज्याच्यावरून आगगाडी चाललीय ते. आपण लहानपणी त्यातले डबे मोजायचो.

"हे कुणाचं?"

"तुमच्या वडिलांचं."

"मग याला काय म्हणतात?"

 उत्तर मीच दिलं. चोर म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा माझा आवाज नीट लागला नव्हता. चित्रकलेच्या बाई कागद चाळायच्या थांबल्या. त्या मुलीने आईचा हात धरला.

त्याने आपलं काहीही उचललं नाही. ते कार्ड काउंटरच्या अगदी कडेला पडलं होतं, ते त्याने एका बोटाने माझ्या बाजूला आत सरकवलं, पडू नये म्हणून, आणि निघून गेला. पिशवी, पाती, पुडकं, सगळं टाकून.

मायलेकी काही न घेता गेल्या. जाऊ देत.

बाबांना मी सांगितलं की बाइंडरला ताप आलाय, काही दिवस येणार नाही. खोटं बोलले, मान्य. त्यांना एकदम धक्का नको म्हणून बोलले. त्यांनी विचारलं, "औषध घेतलं का त्याने?" मी म्हटलं, घेतलं. आज सकाळी पुन्हा विचारलं. दुपारी त्याच्या यायच्या वेळेला खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ओढून बसले होते.

पुडकं मी अजून उघडलेलं नाही. आत बाबांचीच कार्डं असणार, दुसरं काय? उघडायला हात होत नाही एवढंच. खरं तर मला बरं वाटायला हवं. मी घर राखलं, बापाची आयुष्यभराची जमवाजमव राखली. पण काल रात्री जेवण गेलं नाही आणि आज दुकान उघडावंसं वाटलं नाही. तो कडेचं कार्ड आत सरकवून का गेला?

ताई


गुरुवार, २ एप्रिल

ढब्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. "ताई, त्या माणसाला परत बोलाव. हात जोडतो. का ते बाबा सांगतील, मी शब्द दिलाय." ते वाचून माझं डोकंच फिरलं. म्हणजे तुला माहीत होतं! मी इथे त्यांच्याबरोबर राहायचं, त्यांचं सगळं मी बघायचं, आणि शब्द तुला द्यायचा! रागाच्या भरात मी ते पुडकं फोडलं.

आत जाड कागदाची चळत होती, प्रत्येक तुकडा पोस्टकार्डाएवढा. आधी मला काही कळेना. रंगाचा एक ठिपका नाही, सगळं पिवळट पांढरं. कागदाचे थर कापून एकावर एक चढवलेले, खाली फोमची टेप घालून काही भाग उचललेले. पाण्याच्या जागी बोथट सुईने दाबलेल्या ओळी. जहाजाच्या धुराच्या जागी दोऱ्याची गुंडाळी. शाळेतल्या पोरांची हस्तकला असते ना, तसं दिसत होतं, फक्त फार बारीक हाताचं. म्हटलं, या कसल्या नकला? ह्या कोण विकत घेणार?

चळत घेऊन तडक वर गेले. बाबा खिडकीशी होते. "हे काय आहे?" म्हणून समोर धरलं.

त्यांनी हात पुढे केला तो माझ्या हातापासून वीतभर बाजूला.  मग सगळ्यात वरचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. चेहरा भिंतीकडे, आणि बोटं कागदावर. आधी अंगठ्याने कड चाचपली, वर-खाली ठरवलं, मग बोटं हळूहळू चालायला लागली. "कमान... कमान... ही तिसरी, आणि ही अर्धी, झाडाने झाकलेली." चेहरा असा उजळला की काय सांगू! "दगडी पूल! झाला पण हा? पुरा झाल्याशिवाय हाताला लागू देत नव्हता. म्हणजे ताप उतरला त्याचा!"

मी चळत खाली ठेवली आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला हे दिसत नाही?

त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय, ढब्या. तुला माहीत आहे म्हणा, तरी मला लिहू दे. कडेकडेने थोडं दिसतं, म्हणून घरात चालतात-फिरतात. मधोमध काही नाही. "तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस," म्हणाले. "भिंतीकडे बघितलं की तुझा कान दिसतो." मी इतके महिने नजर चुकवतात म्हणून चिडत होते आणि ते बिचारे मला बघायची धडपड करत होते.

त्या दिवशी अर्धा दिवस बाहेर गेले होते ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आता यापुढे काही करता येणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं, ते बाइंडरने शेजारी बसून ऐकलं. मी खाली स्टिकरच्या पाकिटांवर किमती चिकटवत होते.

जुन्या कार्डांत काही उठावाची असतात बघ, फुलांची, हात लावला की नक्षी लागणारी. ती बाबांना बोटाने बरोबर ओळखता येतात, हे त्या माणसाच्या लक्षात आलं. मग तो म्हणाला, सगळीच उठावाची करू. दोन-दोन कार्डं घरी न्यायची, ट्रेसिंग करायचं, थर कापायचे, झालं की कार्ड जागेवर परत. माझ्याच दुकानातून सामान घेऊन.

मी म्हटलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू मला जिना उतरू दिला नसतास."

"आणि ढब्याला सांगितलंत!"

"तो लांब आहे. तो काय करणार होता?" म्हणाले. आणि मग, "बाइंडर कधी येतोय?"

मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि "येईल" एवढंच निघालं. त्यांना अजून वाटतंय की तो आजारी आहे.

तू मला सांगायला हवं होतंस. ते पुढे कधीतरी बोलू. आत्ता मला दुसरं काही सुचत नाही.

ताई


गुरुवार, ९ एप्रिल

ढब्या,

मी त्याच्या घरी गेले होते. तळमजल्यावरची एक खोली, खिडकीत पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. दार उघडलं, मला बघितलं, लावून घेतलं. मी बाहेरूनच माफी मागितली. शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबून ऐकत होती. म्हटलं ऐकू दे, चोर म्हणाले तेव्हाही लोक होतेच.

आतून एवढंच आलं, "आयुष्यभर लोकांची पुस्तकं घरी आणली बाई, वकिलांची, डॉक्टरांची, घराण्यांच्या जुन्या पोथ्याही. पिशवी कुणी उलटी केली नाही."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तेवढंही नाही.

इकडे बाबांचं बोलणं आटलंय. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आहेच. कुणी गिऱ्हाईक दारातून आलं की मान वर होते. पाऊल ओळखतात, मग मान खाली. जेवतात, पण मी वाढलं म्हणून. काल म्हणाले, "कंटाळला असेल तो. किचकट काम आहे, फुकटचं कोण किती दिवस करेल?" मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

मग मीच एक कार्ड करायला बसले. म्हटलं, कागदाचं दुकान माझं, सगळी हत्यारं माझी, न जमायला काय झालं? तो बंदरावरचा लांबच लांब धक्का घेतला, शेजारी तीन होड्या. ट्रेसिंग केलं, कापलं, बोट कापलं, पुन्हा कापलं. नेऊन बाबांच्या हातात दिलं.

"धक्का," बाबा म्हणाले. "होड्या. बरं आहे." बोटं पुन्हा फिरली, एका जागी अडली, मागे गेली, पुन्हा अडली. "छत्रीवाला कुठाय?"

"कोण छत्रीवाला?"

"धक्क्याच्या टोकाला. छत्री मिटून उभा आहे तो. समुद्राकडे पाठ करून."

मी अल्बम काढला, भिंग लावलं. ढब्या, आहे. तांदळाएवढा. इतक्या वर्षांत मी हे कार्ड किती वेळा पुसलं असेल, कोपऱ्यांत बसवलं असेल, तुझ्यापासून आणि साऱ्या जगापासून सांभाळलं असेल! मला तो माणूस कधी दिसलाच नव्हता. बाबा म्हणाले, "बाइंडरने घेतला असता तो."

ते माझं ओबडधोबड कार्ड घेऊन मी तिसऱ्यांदा त्याच्या दाराशी गेले. माफी मागितली नाही. दाराखालून कार्ड आत सरकवलं आणि म्हटलं, "छत्रीवाला राहिला. तो एवढासा माणूस कसा कापायचा, तेवढं सांगा. मी करते, तुम्ही येऊ नका."

 मग दार उघडलं, कार्ड हातात, चेहरा आंबट. "कापायचं राहू द्या. हे काय केलंय? पाणी धक्क्याच्या वर आणलंय तुम्ही! म्हाताऱ्याला वाटेल पूर आलाय. आणि ही टेप कुणी लावली? दोन दिवसांत सुटेल."

"मग कशी लावायची?"

"अहो, आधी पोट घासून घ्यायचं कागदाचं, मागची बाजू!" असं म्हणून तो दहा मिनिटं मला बोलत होता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. असं बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटी म्हणाला, "उद्यापासून येतो. वर जे ठरेल ते ठरेल, पण खाली माझी एक अट आहे." काय ते सांगितलं नाही. मी म्हटलं, कबूल. न विचारताच कबूल.

ताई


शुक्रवार, २४ एप्रिल

ढब्या,

अट काय होती ती आता तुला सांगते.

तो आला, ठरल्या वेळेला. काउंटरपाशी थांबला, पिशवी खांद्यावरून काढली, आणि एकेक वस्तू माझ्यासमोर मांडली. पेन्सिल. पाती. टेप. रुमाल. मग पिशवी उलटी करून झटकली. खिसेही बाहेर काढून दाखवले. "बघून घ्या, बाई." सगळं परत भरलं आणि वर गेला. उतरताना पुन्हा तेच. दुकानात कोण आहे, कोण नाही, बघितलं नाही.

"अहो, कशाला? मी हात जोडते!" मी म्हटलं.

"तुम्ही कबूल केलंय," तो म्हणाला. रागाने नाही. राग असता तर मला सोसलं असतं. नेमाने, रोज, येताना आणि जाताना. चित्रकलेच्या बाई परवा त्याच वेळी आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी कागदांचे गठ्ठे उगाच सारखे करत बसले.

वर मात्र मजा चालते. दोघांचं हसणं खाली ऐकू येतं. बाबांनी त्याला धक्क्याचं माझं कार्ड नव्याने करायला सांगितलं, तर तो म्हणाला, राहू द्या, हे हाताला लागलं की कळेल पोरीने केलंय. असं बाबांनीच मला सांगितलं.

पण बाबांचे कान तिखट झालेत. सोमवारी मला म्हणाले, "तो खाली इतका वेळ काय करतो ग? रोज पात्यांची डबी ठक्कन वाजते. दोनदा."

मला खोटं बोलता आलं असतं. तापाचं बोलले होते तसं. पण मी समोर बसले, अगदी बाजूला सरकून, माझा कान त्यांना दिसेल अशी, आणि सगळं सांगून टाकलं. कोपरे बदलले ते, भिंग लावलं ते, चोर म्हणाले ते, दोनदा म्हणाले तेही. ताप खोटा होता हेही.

 मग म्हणाले, "जिन्याचं मी तुला उगाच सांगितलं होतं. डोळे गेल्याचं तुला का नाही सांगितलं, ते खरं सांगू? तू एकदा एखाद्याला एक काहीतरी ठरवलंस ना, की मग त्याला तसंच बघतेस. तुझ्या भावाला बघतेस तसं. मला तुझ्याकडे आंधळा म्हातारा व्हायचं नव्हतं."

मी रडले, ढब्या. लपवत नाही. त्यांनी हात पुढे केला, तो पुन्हा जरा बाजूलाच गेला, मी माझं डोकं सरकवून त्याच्याखाली नेलं.

आता काल दुपारचं. बाइंडर उतरला, पिशवी काढली, नेहमीसारखं एकेक मांडायला लागला. पेन्सिल, पाती, टेप. आणि सगळ्यात शेवटी एक कार्ड. ट्रेसिंगमध्ये नाही, असंच, उघडं. विमानतळ नव्हते तेव्हाचं, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं. ज्याच्या किमतीपायी आईने बाबांशी आठवडाभर अबोला धरला होता ते. अख्ख्या संग्रहातलं हे एकच, ज्याला बाबांनी कुणाला बोटही लावू दिलं नाही.

"हे वडिलांनी दिलंय," तो म्हणाला. "करायला नाही. मला ठेवायला. मी नको म्हटलं, ऐकेनात." आणि ते काउंटरवर ठेवून हात मागे घेतला. "खात्री करून या वरून. मी थांबतो."

दुकानात आम्ही दोघंच. वर बाबा जागे होते, रेडिओ बंद होता. जिन्याच्या तळाशी उभं राहून एक हाक मारली असती तरी पुरे होतं. आणि तुला म्हणून सांगते, माझ्या मनात आलं. एवढं सगळं होऊनही आलंच. हेच कार्ड? नेमकं हेच? मेली माझी खोड, जाता जात नाही. माझा पाय जिन्याकडे वळलासुद्धा.

मग मी मागच्या फळीवरून एक कडक पाकीट काढलं, पुठ्ठ्याचं, ज्यात कोपरे दुमडत नाहीत. कार्ड त्यात सरकवलं, फडफडू नये म्हणून मागे जाड कागद लावला, आणि माझ्या हाताने त्याच्या पिशवीत ठेवलं. पाती, टेप, रुमाल, पेन्सिल, सगळं मीच भरलं. पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

त्याने माझ्याकडे बघितलं. "वर जाणार नाही?"

"गिऱ्हाईक यायची वेळ झाली," मी म्हटलं.

आज दुपारी तो आला आणि सरळ वर गेला. काउंटरपाशी थांबला नाही.

तू ये. सुट्टी काढ आणि ये. खोली झाडून ठेवलीय. व्यापाऱ्याला आणलंस तर दोघांच्या तंगड्या मोडेन, पण तू ये.

आणि एक. रविवारी मी घाऊक बाजारात गेले की तू बाबांना फोन करतोस, हे मला आता ठाऊक आहे. ते कार्ड त्यांनी खरंच दिलं का, हे त्यांना विचारू नकोस. विचारलंस तर मला सांगू नकोस.

तुझी ताई